शिवकन्याच्या लग्नाची कॅसेट

आमच्या 'गवाक्ष' वाहिनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून गेल्या महिन्यात स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर मालक राघवेंद्र सर हात जोडून उभे, आणि आत जाहिरातीच जाहिराती. पान नऊवर माझा लेख आहे, 'गवाक्षचा इतिहास'. सर म्हणाले होते, "औंढेकर, पंधराशे शब्द द्या. प्रेरणादायी पाहिजे, मुलं वाचतील." मी दिले. त्यात एकही वाक्य खोटं नाही. फक्त एक कॅसेट त्यातून गाळली आहे, आणि ती गाळल्यावर जे उरतं त्याला इतिहास म्हणायची मला लाज वाटते. म्हणून हे वेगळं लिहितोय. हे कोणी छापणार नाही, आणि प्रेरणा तर कोणाला मिळणारच नाही.

सुरुवात मुरुडमध्ये झाली, एक्क्याण्णव साली, आमच्या घराच्या गच्चीवर. मी शाळामास्तरांचा मुलगा. बी. ए. होऊन लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत फिरायचो, आणि वडिलांच्या मते तो धंदा नव्हता, थेर होते. बसस्टँडजवळ नरसिंग नावाचा रेडिओ मेकॅनिक होता. त्यानं कुठून कुठून भाग आणून एक डबा जुळवला आणि मला म्हणाला, "मार्तंड, व्हीसीआरची वायर ह्यात घाल, अन् समोरच्या घरातल्या टीव्हीवर बघ." समोरच्या घरात चित्र दिसलं. जरा मुंग्या होत्या, पण दिसलं. नरसिंग आनंदानं एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या म्हाताऱ्या दचकून उठून उभ्या राहिल्या.

आम्ही गच्चीवर पाण्याचा पाइप उभा केला, त्याच्या टोकाला ॲन्टेना बांधला. लातूरचा सरकारी मनोरा केवढा उंच, आणि आमची ताकद न्हाणीघरातल्या बल्बाएवढी. पल्ला आठवडी बाजाराच्या मैदानापर्यंत. आभाळ भरून आलं तर पलीकडच्या वस्तीपर्यंत. परवाना वगैरे काही नव्हता. गावचे जमादार स्वतःच बघायचे, त्यामुळे तो विषय कधी निघाला नाही.

पण एक गंमत होती. आम्हाला बघायचं तर लोकांना घरावरचा ॲन्टेना लातूरकडून वळवून आमच्या गच्चीकडं करावा लागायचा. संध्याकाळी सातला मी वर जाऊन उभा राहायचो, आणि एकेका माळवदावर कोणीतरी चढून पाइप पिळताना दिसायचं. सगळ्या गावाचे ॲन्टेने हळूहळू माझ्याकडं तोंड करायचे. पंचविशीतल्या पोराला यापेक्षा जास्त काय पाहिजे? मला माज आला होता. आता तो शब्द लिहायला काही वाटत नाही.

दाखवायचं काय हा प्रश्न होता. सिनेमे लावले तर टूरिंग टॉकीजवाला मारायला धावला. मग आम्ही लग्नाच्या कॅसेटी लावायला लागलो. गावातली बहुतेक लग्नं मीच काढलेली. लोक आपापली कॅसेट आणून द्यायचे, "शुक्रवारी आमच्या पोरीचं लावा." गाव ते बघायचं. कोण कुठल्या पंगतीत बसलं, कोणी तिसऱ्यांदा जिलेबी घेतली, कोणाची साडी तीच ती होती, यावर दुसऱ्या दिवशी चावडीवर चर्चा. कॅसेटी आमच्याच फळीवर राहायच्या, कारण लोक पुन्हा पुन्हा मागायचे. घरी नेऊन करणार काय? व्हीसीआर होता कोणाकडं!

सगळ्यात जास्त मागणी शिवकन्याच्या लग्नाला होती. महादेवप्पांची ती मुलगी. अप्पांचं बाजारात पेंडीचं आणि तेलाचं दुकान, लिंगायत घर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं थोडं आणि हिशेबी. पण लेकीच्या लग्नात त्यांनी हात आखडला नव्हता. ब्याण्णवच्या मे महिन्यात लग्न झालं. आंदणात एक हिरवं लोखंडी कपाट होतं, आरसा लावलेलं, आणि दारावर पांढऱ्या रंगात कमळ काढलेलं. गंगम्मानं, म्हणजे शिवकन्याच्या आईनं, मला दोनदा परत बोलावून त्या कपाटाचं शूटिंग करायला लावलं. दीड तासाची कॅसेट झाली. बऱ्याच भागावर मी गाणी चढवली. शेवटच्या तुकड्यावर चढवायची राहून गेली.

शिवकन्याला खाली किल्लारीच्या बाजूला एका गावात दिलं होतं. फोटोंचा अल्बम ती सासरी घेऊन गेली. कॅसेट आमच्या फळीवर राहिली.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती बुडवून आलेलं गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. मुरुडमध्ये भांडी पडली, दोन-चार भिंतींना भेगा गेल्या. दिवस उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या. दक्षिणेकडची गावंच्या गावं गेली म्हणे. एक जीप भाकरी घेऊन निघाली होती, त्यात मी कॅमेरा घेऊन चढायचं ठरवलं. लातूरच्या आधी, सगळ्यांच्या आधी आपलं गवाक्ष दाखवणार, हेच डोक्यात होतं. लोक मेलेत हे मला कळलं होतं. पण डोक्यात हे होतं.

कोरी कॅसेट नव्हती. एकही नाही. जीपवाला हॉर्न मारून राहिला होता. मी फळीवर हात घातला, वरची कॅसेट काढली, तिच्या पाठीवरची पट्टी मोडलेली होती तिथं चिकटपट्टी लावली, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होतं, आणि पळालो. लेबल वाचलं नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. वाचलं होतं. माझ्याच अक्षरात होतं, 'चि. सौ. कां. शिवकन्या'. मला वाटलं, ह्यांचं लग्न गावानं दहादा बघितलंय, आता पुरे. ती कुठल्या गावात दिली आहे हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. तिच्या लग्नात मी पोटभर जेवलो होतो.

तिथं काय बघितलं ते मी लिहीत नाही. दोन दिवस मिळून सव्वा तासाचं चित्रण केलं. एका गावात दगडमातीचा ढीग होता आणि त्या ढिगात एक कपाट सरळ उभं होतं. घर गेलं, कपाट उभं. मातीनं माखलेलं. मला ते फार आवडलं. हो, आवडलं, हाच शब्द आहे. मी कॅमेरा स्थिर धरून ते बराच वेळ काढलं, मग बाजूनं काढलं, मग जवळ जाऊन काढलं.

मुरुडला परतलो आणि ते लावलं. त्या संध्याकाळी गावातला एकूण एक ॲन्टेना आमच्याकडं वळला होता. लातूरहून माणसं बघायला आली. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून "शाबास" म्हणालं. फक्त महादेवप्पांच्या घरावर कोणी चढलं नाही. ते सगळे शिवकन्याच्या गावी गेले होते. तिचं सासर अख्खं गेलं. ती, नवरा, सासू, सगळे. अप्पा पोचले तेव्हा तिथं सामुदायिक अग्नी दिलेला होता. आमच्याकडं लिंगायत माणसाला बसवून माती देतात. अप्पांना लेकीला मातीही देता आली नाही.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कळलं तेव्हा मी फळीसमोर उभा होतो आणि माझ्या हातात तीच कॅसेट होती, पुन्हा व्हीसीआरला लावायला काढलेली.

अप्पा दिवाळीनंतर आले. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. ते टोपी काढत नसत.

"मार्तंडराव, अल्बम बी तिथंच गेला," ते म्हणाले. "घरात लेकराचा एक फोटू न्हाई. शाळेतला बी न्हाई. तुमच्याजवळ ती कॅसेट हाय ना, तेवढी द्या. लातूरला एकाकडं मशीन हाय म्हणतेत. तिच्या आईला एकदा दाखवून आणतो."

एक वाक्य बोलायचं होतं. अप्पा, माझ्याकडून चूक झाली. बस, एवढंच. ते मारायला उठले नसते, तसा माणूसच नव्हता. कदाचित नुसते उठून गेले असते. पण मला त्यांचं ते नुसतं उठून जाणं बघवलं नसतं. त्याची मला इतकी भीती वाटली की तोंडातून दुसरंच आलं.

"ती तर परत दिली की अप्पा. तुमच्या सूनबाईकडं दिली. गणपतीच्या आधीच."

सून म्हणजे वर्षाराणी. अप्पांच्या मुलाची बायको, विशीतली, दोन वर्षांपूर्वी घरात आलेली. तिचंच नाव का घेतलं? कारण ती माझ्या आईकडं ब्लाऊज शिवायला टाकायला यायची, लाल कापडी पिशवी घेऊन. नाव जिभेवर तयार होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. दारातच उभी राहिली.

"दादा, माझ्याजवळ दिली होती कॅसेट? मला तर काहीच आठवंना."

अजूनही वेळ होती. ती रडत नव्हती, भांडत नव्हती, खरंच विचारत होती. आणि मी काय केलं? मी तिला आठवण पुरवली. "हाव की. विसरलीस का? ब्लाऊज घेऊन आली होतीस ना, तेव्हा. तुझ्या लाल पिशवीत मीच टाकली."

"तुम्ही खोटं बोलून राहिलात, दादा," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. आई आत मशीनवर बसली होती. मशीन थांबलेलं मला ऐकू आलं. वर्षाराणी गेल्यावर ते पुन्हा सुरू झालं. आईनं मला कधी काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तिनं गवाक्ष बघणं सोडलं.

पुढचं कानावर येत राहिलं. अप्पांच्या घरात धान्याच्या कणग्या उपसल्या. ट्रंका उलट्या केल्या. माळवदावरची अडगळ खाली काढली. गंगम्मानं घराच्या किल्ल्यांचा जुडगा सुनेकडून काढून घेतला आणि पुन्हा स्वतःच्या कंबरेला लावला. "हिच्या हाती काय बी ठेवू नका" हे वाक्य त्या घरात रोजचं झालं, असं शेजारीण आमच्या आईला सांगायची.

आणि आता खरी लाजेची गोष्ट. ती कॅसेट पूर्ण पुसलेली नव्हती. लग्न दीड तासाचं होतं, माझं चित्रण सव्वा तासाहून थोडं जास्त. त्या ढिगाऱ्याच्या पुढं शेवटची अकरा मिनिटं तशीच उरली होती. वाटं लावण्याची, म्हणजे पाठवणीची. शिवकन्या त्यात होती. मला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

दुसऱ्या कॅसेटवर उतरवून देता आली असती, माझ्याकडं दोन व्हीसीआर होते. पण 'परत दिली' असं एकदा म्हटल्यावर ती माझ्याकडं पुन्हा आली कुठून? एका खोट्याला सांभाळायला मी ती अकरा मिनिटं ट्रंकेत ठेवली. नुसती ठेवली नाहीत. दर पावसाळ्यानंतर ती काढून एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवायचो, बुरशी धरू नये म्हणून. तेवीस वर्षं. एवढ्या काळजीनं मी दुसरं काही सांभाळलेलं नाही.

बाकीचा इतिहास पान नऊवर आहे. केबल आली, आमचा डबा बंद पडला, नरसिंग पुण्याला निघून गेला. मी लातूरला येऊन केबलवर गवाक्ष चालू केलं. सकाळी तूर-सोयाबीनचे भाव, संध्याकाळी शहराच्या बातम्या. मग लातूरमध्ये क्लासेस वाढायला लागले. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर अभ्यासिका, अभ्यासिकेवर खोल्या. नांदेडपासून, अहमदपूरपासून, कुठून कुठून पोरं यायला लागली, आणि पोरांच्या मागं त्यांच्या आया. नवरा गावी, आई इथं दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत, दोन वर्षं पोराला डबे आणि कॉफी करून देत. राघवेंद्र सर भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी वाहिनी विकत घेतली आणि मला नोकरीवर ठेवलं. आता गवाक्षवर दिवसा भौतिकशास्त्र दिसतं आणि निकालाच्या दिवसांत गुणवंतांचे सत्कार.

यंदाच्या जूनमधल्या सत्कारात सरांनी नवीन टूम काढली. "औंढेकर, प्रत्येक मुलाच्या आईचे दोन शब्द घ्या. त्याग वगैरे. लोक रडले पाहिजेत." मी आयांना एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसवत होतो. यादीत शिवांश नावाचा मुलगा होता, मेडिकलला लागलेला. त्याची आई आत आली, खुर्चीत बसली, माईककडं न बघता माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मार्तंडदादा ना? ओळखलं का? मी वर्षाराणी. मुरुडची."

केस पांढरे झाले होते. आवाज तोच होता. मी तिचं शूटिंग कसं केलं मला आठवत नाही. त्याग वगैरे विचारलं नाही. तिनं एवढंच सांगितलं की पोरगा समजूतदार आहे आणि त्याला वांगं आवडत नाही. सर नंतर माझ्यावर चिडले.

बाहेर पोरांची गर्दी होती. ती चहाचा कागदी कप घेऊन जिन्याजवळ थांबली होती, माझ्याचसाठी.

"दादा, बरं झालं भेटलात. लई दिवसांचं मनात होतं. तुमची माफी मागायची होती."

"माझी?"

"तुम्हाला खोटारडं म्हणले होते ना मी. साऱ्या गावात म्हणत फिरले. नंतर आठवलं मला. हळूहळू आठवलं. तुम्ही पिशवीत टाकली, मी घरी आणली, अन् ज्वारीच्या कणगीवर ठेवली. कणगीच्या झाकणावर. ते मला आता लख्ख दिसतंय. तिथून पुढं कुठं गेली ते मात्र आठवत न्हाई. मी सासूबाईंजवळ, अव्वांजवळ कबूल बी केलं. अप्पा जायच्या आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवून कबूल केलं."

मी भिंतीला टेकलो. तिला वाटलं मला उकडतंय. "बसता का?" म्हणाली.

"अप्पा काय म्हणाले?" मी विचारलं. हे विचारायचा मला काय हक्क होता?

"म्हणले, जाऊ दे पोरी. पण शेवटच्या दिवशी बी विचारलं त्यांनी. सापडली का, म्हणून." तिनं कप चुरगाळून हातातच ठेवला. "चला. खोली सोडून राहिलो आज. सामान बांधायचंय."

ती जिना उतरून गेली. खोटं बोलणारा मी आणि माफी मागणारी ती. मी आजवर स्वतःला समजावत होतो की मी तिच्यावर एक आळ घेतला, वाईट झालं, पण तिला तर माहीत आहे ना खरं काय ते. तेवढा एक आधार होता मला. तोही नव्हता. तिचं खरंसुद्धा मी काढून घेतलं होतं.

रविवारी जुना व्हीसीआर पिशवीत घातला, कॅसेट शर्टाच्या आत ठेवली आणि मुरुडची एसटी धरली. अप्पांचं घर तेच होतं. वर पत्रे आले होते, डिश टीव्हीची छत्री आली होती, पण कोपऱ्यात गंजलेला जुना ॲन्टेना अजून होता. त्याचं तोंड आमच्या घराकडं होतं. आमचं घर विकून पंधरा वर्षं झाली, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.

गंगम्मा जमिनीवर पाय पसरून शेंगा फोडत बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. जुडगा कंबरेला होता. वर्षाराणी आतून पाणी घेऊन आली, मला बघून हसली. शिवांश मोबाइलवर होता. वर्षाराणीचा नवरा दुकानात गेला होता.

मी पाणी प्यालो नाही. उभ्यानंच सांगितलं. कॅसेट मी कधी परत दिली नव्हती. वर्षाराणीकडं दिली नव्हती, कोणाकडंच नाही. त्या दिवशी तिच्यावर भूकंपाचं चित्रण केलं. मग खोटं बोललो. शेवटची अकरा मिनिटं आहेत. ती आणली आहेत.

बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तेवीस वर्षं लागली असं म्हणायला सोपं आहे, पण खरं तर दोन मिनिटांचंच काम होतं.

मग गंगम्मा म्हणाल्या, "लाव."

शिवांशनं वायरी जोडून दिल्या. मी म्हणालो, "पुढं सरकवतो, शेवटी आहे."

"कशाला सरकवतोस?" गंगम्मा म्हणाल्या. "तिचंच गाव हाय ना ते? आम्ही गेलो तवर समदं सपाट केलं होतं. मला बघू दे."

म्हणून आम्ही ते सगळं बघितलं. मी बाजूला भिंतीशी उभा होतो. ढिगारे, धूळ, तोंडाला फडकी बांधलेली माणसं, आणि मध्येच माझा आवाज, "जरा बाजूला व्हा, बाजूला व्हा." त्या आवाजाची मला शिसारी आली. मग ते कपाट आलं. मी बराच वेळ धरून ठेवलेलं. मग बाजूनं. मग जवळून. मातीच्या खाली हिरवा रंग होता, आणि दारावर पांढरं काहीतरी.

गंगम्मा शेंगा सोडून पुढं सरकल्या. टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं.

"कमळ," त्या म्हणाल्या. "आपलं कपाट हाय हे, वर्षा. हे तिचं घर हाय."

मला तेव्हा कळलं. मी ते चित्रण कित्येक वेळा बघितलं होतं, दर पावसाळ्यानंतर फिरवताना तर थांबवून बघितलं होतं. लग्नात ते कपाट याच हातांनी दोनदा काढलं होतं. मी शिवकन्याच्या दारात उभा होतो, तिच्याच लग्नाच्या कॅसेटवर तिचं पडलेलं घर काढत होतो, आणि चित्र कसं छान येतंय हे बघत होतो. ती त्या वेळी तिथंच असेल, त्या ढिगात.

मग पडद्यावर मुंग्या आल्या, एक पट्टा सरकला, आणि एकदम मांडव आला. लाल, पिवळा, हिरवा. बायकांचा कलकलाट. गाणं चढवायचं राहिलेलं, त्यामुळे सगळ्यांचे आवाज होते. अप्पा होते, काळ्या मिशांचे, डोळे पुसणारे. जीपच्या दाराशी शिवकन्या होती, आणि तिचा पदर नीट करणारी, तिच्याहून थोडीच मोठी, वर्षाराणी. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग शिवकन्यानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं.

"बास करा की आता, मार्तंडदादा," ती म्हणाली आणि हसली.

कॅसेट संपली. गंगम्मा एकदा म्हणाल्या, "आवाज बी हाय." मग त्यांनी तोंडात पदर घातला. शिवांश आजीजवळ जाऊन बसला. मग गंगम्मांनी कंबरेचा जुडगा सोडला आणि सुनेपुढं धरला. वर्षाराणीनं तो घेतला नाही.

"राहू द्या, अव्वा," ती म्हणाली. "मला आता सवय न्हाई त्याची."

कोणी मला शिवी दिली नाही. कोणी जा म्हटलं नाही. मी कॅसेट तिथंच ठेवली, व्हीसीआरही ठेवला आणि चपला घातल्या. वर्षाराणी माझ्यामागून दारापर्यंत आली. तेवीस वर्षांपूर्वी ती आमच्या दारात अशीच उभी होती.

"दादा, खरंच दिली नव्हती तुम्ही?"

"नाही."

"पिशवीत टाकली नव्हती?"

"नाही. मी खोटं बोललो."

तिनं मान हलवली. आत वळून कणगी जिथं असायची त्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं आता फ्रीज आहे.

"पण मला दिसती की हो ती," ती म्हणाली. "झाकणावर ठेवलेली. रोज दिसती. ते माझं न्हाई, दादा, तुमचं हाय. ते बी घेऊन जावा."